स्केलबेकचा खालचा हात

रविवारी सकाळी आर्नल्ड थ्वेटने दातांच्या डॉक्टरकडून मागून आणलेला लहानसा गोल आरसा रुळांवर टेकवला, मान वाकडी केली आणि एक डोळा मिटून त्यात पाहिलं. जे दिसलं ते त्याला दिसायला नको होतं.

रूळ खरे नव्हते. घरामागच्या शेडमध्ये बारा फुटी फळीवर तो वर्षभर स्केलबेक स्टेशन बांधत होता. खऱ्या एका फुटाला इथे चार मिलिमीटर. फलाट, मालधक्का, पादचारी पूल, इंजिनात पाणी भरायचा खांब, आणि टोकाला सिग्नलची केबिन. त्या केबिनमध्ये त्याचा सासरा ॲम्ब्रोज मेटकाफ एकोणीस वर्षं लिव्हर ओढत होता. खरं स्केलबेक कधीच उखडून नेलं होतं. तिथे आता मेंढ्या चरत होत्या आणि केबिनच्या जागी खाजकुयलीचं रान माजलं होतं.

मॉडेलवर सिग्नल बसवला की तो ड्रायव्हरच्या डोळ्याने बघायचा, ही या छंदातल्या माणसांची जुनी खोड. वरून सगळंच छान दिसतं. इंजिन जिथे उभं राहायचं तिथे, ड्रायव्हरच्या डोक्याच्या उंचीवर आरसा धरला म्हणजे खरं काय ते कळतं. आर्नल्डने तो पाण्याच्या खांबापाशी धरला होता. पुढे पूल होता, पुलापलीकडे सिग्नल. त्या सिग्नलला एकाच खांबावर दोन हात होते, एक उंच, पुलाच्या वर, आणि एक खाली. दोन्ही एकाच तारेवर बरोबर हलणारे. आरशात वरचा हात पुलाआड गेला होता. खालचा मात्र पुलाखालून स्वच्छ दिसत होता, लाल रंग, पांढरा पट्टा आणि सगळं.

म्हणजे क्लिफ रेनर खरं बोलला होता. आणि त्याच्या बायकोचा, विनीचा, बाप खोटं.

गोष्ट एकोणीसशे एक्कावन्न सालच्या सप्टेंबरातली. संध्याकाळची पॅसेंजर पाणी घेऊन स्केलबेकहून निघाली आणि समोरून रूळ ओलांडणाऱ्या मालगाडीच्या कुशीत शिरली. मेलं कुणी नाही. मालगाडीच्या गार्डचा पाय गेला, सात वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मोडल्या. ड्रायव्हर सिड ॲलनबी म्हणाला, सिग्नलचा हात पडला, म्हणजे वाट मोकळी, म्हणून मी गाडी काढली. इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन क्लिफ रेनर, तेव्हा एकोणीस वर्षांचा, म्हणाला, हो, पडलेला मीही पाहिला. केबिनमधला ॲम्ब्रोज म्हणाला, मी त्या लिव्हरला हातही लावला नाही, आधी मालगाडी जायची होती. दोघांच्या शब्दापुढे एकाचा शब्द. रेल्वेच्या साहेबांनी लांबच्या ऑफिसात, टेबलावर नकाशा पसरून निकाल दिला की मेटकाफने सिग्नल पाडला, मग चूक लक्षात आल्यावर घाईने परत उचलला. ॲम्ब्रोजला केबिनमधून काढलं आणि दुसऱ्या गावी फलाट झाडायला लावलं. चार वर्षांनी तो गेला. मरेपर्यंत त्याने त्या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही.

विनी तेव्हा सतरा वर्षांची होती. बापाला हातात झाडू धरताना तिने पाहिलं होतं. क्लिफ त्याच गावात राहायचा. बेकरीत, चर्चमध्ये, पोस्टात समोर आला की ती बेचाळीस वर्षं त्याच्या अंगावरून अशी जायची, जसा तो दिव्याचा खांब. पंधरा वर्षांपूर्वी क्लिफ आर्नल्डच्याच मॉडेल क्लबात आला. क्लबच्या कामाने तो दाराशी आला की विनी न बोलता वर निघून जायची. आर्नल्डने तिला एकदाच टोकलं, आणि क्लिफला कधी विचारलं नाही. माणसं अशीही पंधरा वर्षं काढतात.

फेब्रुवारीत विनी गेली. जायच्या आठवड्यात दवाखान्यात तिने त्याला सांगितलं होतं, "केबिन पुरी कर. होती तशी कर. माझे बाबा म्हणून गोड करू नकोस." खिडक्यांच्या चौकटी तिनेच रंगवल्या होत्या. तिचा हात स्थिर होता आणि रंग तिला लहानपणापासून ठाऊक होता, कस्टर्डमध्ये दूध जास्त पडल्यासारखा. तिने कालवलेली बाटली अजून शेल्फवर होती. रंग कडेने सुकत चालला होता. आर्नल्डला रंग कधीच जमले नाहीत. त्याचं काम पितळेचं.

तिला खात्री होती की स्टेशन जसंच्या तसं उभं राहिलं तर तेच बोलेल. आता ते बोललं होतं.

सोमवारी त्याने सगळे फोटो पुन्हा काढले. सिग्नल त्याने तीन फोटोंवरून केला होता. शिडीच्या पायऱ्या मोजायच्या, दोन पायऱ्यांमधलं अंतर माहीत असतं, त्यावरून खांबाची उंची काढायची. तिन्ही फोटोंत दोन हात होते. पण फोटोंच्या पाठीवरची सालं त्याने या वेळी नीट वाचली. चोपन्न, सत्तावन्न, एकसष्ट. एक्कावन्नच्या आधीचं एकही नाही. खालचा हात नंतर लावलेला असला तर? पुलामुळे सिग्नल दिसत नाही म्हणून कुणीतरी गुपचूप लावला असला तर? मग त्या संध्याकाळी पाण्याच्या खांबापाशी उभ्या इंजिनातून सिग्नल पडलेला काय, उभा काय, कुणालाच दिसला नसता.

असला तर. यॉर्कला नकाशे सांभाळणाऱ्या एका गृहस्थाला त्याने फोन केला. त्यांनी दोन तास शोधून सांगितलं की केबिनचा नकाशा आहे, पुलाचा आहे, सिग्नलचा नाही. सिग्नलवाले लोक काम करायचे आणि कागद शेकोटीत घालायचे, असं ते वर म्हणाले. विनीकडे लहानपणचा एकच फोटो होता, तोही केबिनच्या आतला, बाप लिव्हरला टेकून उभा.

आणि सिग्नल करायच्या आधीच फोटोंची सालं न बघितल्याबद्दल स्वतःला शिव्या घालण्याचाही काही उपयोग नव्हता. क्लबात नव्या माणसांना हेच तो घसा कोरडा होईपर्यंत सांगत आला होता, की बाबांनो, आधी साल बघा, मग पितळ कापा.

मंगळवारी त्याने सोल्डरिंग गन तापवली. खालचा हात दोन थेंब कथलावर उभा होता. टोक लावलं की सुटणार. कानस फिरवली की खूणही राहणार नाही. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं, अर्धं गाव येणार होतं, आणि आरसा धरून बघणाऱ्या प्रत्येकाला ॲम्ब्रोज मेटकाफ निर्दोष दिसला असता. गनचं टोक त्याने हातापासून अर्ध्या इंचावर आणलं. पितळ तापल्याचा वास येऊ लागला. मग त्याने प्लग काढला आणि घरात जाऊन टोस्टवर बीन्स ओतून खाल्ले. होती तशी कर, असं ती म्हणाली होती. कशी होती तेच त्याला माहीत नव्हतं.

माहीत असलेला जिवंत माणूस एकच होता, आणि तो गुरुवारी येणार होता.

क्लबचा नियम होता. कुठलंही स्टेशन प्रदर्शनात मांडायच्या आधी तिथे काम केलेल्या माणसाला दाखवायचं. त्याने कार्डावर लिहून सही करायची, आणि ते कार्ड मॉडेलसमोर लागायचं. स्केलबेकसाठी क्लिफशिवाय कुणी उरलं नव्हतं. सेक्रेटरीने परस्पर त्याचं नाव टाकलं होतं.

दुसरा नियम लिहिलेला नव्हता, पण त्याहून पक्का होता. जुन्या माणसाला उत्तर पुरवायचं नाही. तिथे काय होतं असं विचारायचं. अमुक होतं ना, असं कधी नाही. एकदा आर्नल्डनेच एका म्हाताऱ्या हमालाला विचारलं होतं, वेटिंग रूमचं दार हिरवं होतं ना? हमाल म्हणाला, हो, हिरवंच. दार हिरवं रंगवल्यावर फोटो मिळाला, दार तपकिरी. हमालाला विचारायला गेले तर तो म्हणाला, तू इतका हौसेने विचारत होतास, म्हटलं असू दे हिरवं.

म्हणजे आर्नल्डला खालच्या हाताबद्दल तोंडातून ब्र काढता येणार नव्हता. विचारलं की उत्तराला किंमत राहणार नव्हती. आणि न विचारता क्लिफने नुसती मान हलवली, तर त्याची बेचाळीस वर्षांपूर्वीची साक्ष आता पितळेत कायम होणार होती. त्याने मान का हलवू नये, याचं एकही कारण आर्नल्डला सापडेना.

गुरुवारी दुपारी दोनला क्लिफ आला. हातात खाटकाकडची पोर्क पाय, डुकराच्या मांसाचं सारण भरून भाजलेली, कागदात गुंडाळलेली. विनीच्या अंत्यविधीला तो शेवटच्या बाकामागे उभा होता. त्यानंतर दोघे एकटे असे आजच भेटत होते. आर्नल्डने चहा केला. दोन्ही कप एकेक करून आणले.

क्लिफने टोपी काढून खिळ्याला लावली, चष्मा बदलला आणि फळीवर वाकला. बराच वेळ तो हसल्यासारखाच दिसत होता.

"मालधक्क्याचं छप्पर चांगलंच वाकवलंयस," तो म्हणाला. "पण कोळशाची खोली फारच नीटनेटकी झालीय, गड्या. तिथे कधी झाडू फिरला नव्हता. आणि आगीच्या बादल्या चारच होत्या. पाचवी केबिनच्या बाईने, म्हणजे ॲम्ब्रोजच्या बायकोने, बटाटे ठेवायला नेली होती."

आर्नल्डने वहीत लिहिलं: बादल्या चार.

क्लिफ फलाटावरून बोट फिरवत पुढे सरकला. दिवे, बाकं, पाण्याचा खांब. खांबाची पाणी सोडायची कातडी नळी अजून थोडी लांब हवी, असं म्हणाला. उन्हाळ्यात ती गळायची आणि फायरमनची पँट भिजायची. पूल बरोबर, पुलाच्या पायऱ्या बरोबर. मग केबिन. छप्पर काढता येत होतं. आर्नल्डने ते उचलून बाजूला ठेवलं. आत चोवीस लिव्हर होते, प्रत्येक दाढीच्या ब्लेडपेक्षा बारीक. क्लिफ त्यांच्याकडे बघत राहिला. खिडक्या कुणी रंगवल्या, असं त्याने विचारलं, आणि आर्नल्डने सांगितल्यावर नुसतं "हं" केलं.

मग तो सिग्नलपाशी आला.

आर्नल्ड स्टुलावर बसला होता. त्याने वहीवर पेन्सिल टेकवली आणि तशीच ठेवली. बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र सुरू झालं, बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. क्लिफने खालच्या हाताजवळ नाक नेलं. मग मागे झाला, चष्मा पुसला, पुन्हा वाकला. त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

"आरसा लावून बघितलास?"

"बघितलं."

"कुठून?"

"पाण्याच्या खांबापासून."

"मग?"

"सिग्नल दिसतो. पुलाखालून. स्वच्छ."

क्लिफ सरळ झाला. त्याने चहाचा घोट घेतला, कप ठेवला, कार्ड पुढे ओढलं आणि खिशातून पेन काढलं. "मग झालं तर," असं तो म्हणाला.

आर्नल्डने दात इतके घट्ट धरले होते की कानापर्यंत कळ गेली. एक शब्द पुरला असता. त्याने पेन्सिलीकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं, आणि विनीचा विचार करायचाच नाही असं ठरवलं. क्लिफने कार्डावर तारीख घातली. मग पेन तसंच कागदावर टेकवून धरलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"तू विचारत का नाहीस मला?"

"विचारायचं नसतं. तुला ठाऊक आहे. तिथे काय होतं ते तू सांगायचंस."

"तुला काय हवंय ते कळतंय मला."

"मला हवंय त्याचा प्रश्नच नाही, क्लिफ."

गवताचं यंत्र बंद झालं. क्लिफने पेनाचं टोपण लावलं, काढलं.

"एक हात होता," तो म्हणाला. "वरचा. खालचा दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये लावला. मी तिथे होतो, पाणी भरत होतो. दोन माणसं हातगाडीवर शिडी घेऊन आली, तासाभरात लावून गेली. कुणी काही बोललं नाही. सिड म्हणाला, तिकडे बघू नकोस."

आर्नल्डने पेन्सिल खाली ठेवली. आता विचारता येत होतं, आणि आता त्याला विचारवेना. क्लिफ मात्र थांबला नाही. बेचाळीस वर्षं अडलेलं पाणी जसं आधी माती घेऊन येतं, तसं तो आधी भलतंच काहीतरी सांगू लागला. त्या दिवशी इंजिन वाफ नीट धरत नव्हतं, सिडच्या दाढेत ठणका होता, गाडी अकरा मिनिटं उशिरा होती. पाण्याच्या खांबापाशी उभं राहिलं की सिग्नल पुलाआड जायचा, हे त्या मार्गावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून ॲम्ब्रोज केबिनच्या खिडकीतून हिरवा झेंडा दाखवायचा. नियमाच्या पुस्तकात ते नव्हतं. तो आपल्या मनाने करायचा, कुणी अडकून पडू नये म्हणून. त्या संध्याकाळी झेंडा दिसला नाही. सिडने वाट पाहिली, शिवी हासडली आणि गाडी काढली. वाघिणींचा आवाज थांबल्यावर, अजून धूळ बसली नव्हती, तेव्हा सिडने क्लिफचा दंड धरला.

"काय म्हणाला?" आर्नल्डने विचारलं.

"म्हणाला, पोरा, सिग्नल पडला होता ना? तू पाहिलास ना?" क्लिफ फळीकडे बघत होता. "मी हो म्हणालो. त्याला तीन मुलं होती. मला वाटलं, ॲम्ब्रोजला फार तर दंड होईल. पुन्हा साहेबांनी विचारलं तेव्हा परत हो म्हणालो. झेंड्याचं ॲम्ब्रोजनेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आधीची सगळी वर्षं नियमाबाहेर झेंडा दाखवला म्हणून नोकरीवरून गेलाच असता."

आर्नल्ड उठला. शेडमध्ये जाण्यासारखी जागाच नव्हती. तो खिडकीपर्यंत गेला आणि परत आला.

"तू तिच्या अंत्यविधीला आला होतास."

"हो."

"तिचा बाप झाडू मारत मेला. ती बेकरीत तुझ्या अंगावरून गेली की मला वाटायचं, किती ताणायचं माणसाने. एकदा मी तिला म्हणालोसुद्धा की सोड आता. माझ्या बायकोला म्हणालो, क्लिफ. आणि तुझ्यासोबत बसून बिअर प्यायलो."

क्लिफने मान खाली घातली. फेब्रुवारीच्या आधी सांगायला हवं होतं, एवढंच तो म्हणाला. दोनदा दारापर्यंत आला होता. दोन्हीदा वर तिच्या पावलांचा आवाज ऐकला आणि क्लबच्या वर्गणीबद्दल काहीतरी बोलून परत गेला. आर्नल्डला दोन्ही वेळा आठवत होत्या. वर्गणी तेव्हा भरलेली होती.

त्याने गनचा प्लग लावला. टोक तापायची वाट पाहिली. सिग्नलचा खांब हलू नये म्हणून कुणीतरी चिमट्याने धरायला हवा होता. हे काम नेहमी विनी करायची. क्लिफ ते न सांगता करायला पुढे झाला, आणि आर्नल्डने क्षणभर त्याच्या हाताकडे बघून ते होऊ दिलं. कथील चमकलं, विरघळलं, खालचा हात सुटून फळीवर पडला. आर्नल्डने कानशीने खूण घासली. मग आरसा घेतला, पाण्याच्या खांबापाशी टेकवला आणि एक डोळा मिटला.

पुलाची लोखंडी पट्टी दिसली. तिच्या पलीकडे काही नाही.

त्याने आरसा क्लिफकडे दिला. "बघ."

"मला बघायची गरज नाही."

"बघ."

क्लिफने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग त्याने ठिपका पडलेलं कार्ड बाजूला सारलं आणि नवीन घेतलं. लिहिलं: सप्टेंबर १९५१ मध्ये या सिग्नलला एकच हात होता. खालचा मार्च १९५२ मध्ये लावला. खाली पूर्ण नाव आणि सही. कार्ड आर्नल्डपुढे सरकवलं.

आर्नल्डने वाचलं आणि दोन बोटांनी परत सरकवलं.

"उरलेलं?"

"आर्नल्ड, शनिवारी माझी नातवंडं येतायत. हॉलमध्ये चहा विकायला सिडची मुलगी असते."

"माहीत आहे."

"सिडचं नाव नको घालायला लावूस. तो गेलाय."

"ॲम्ब्रोजही गेलाय. सिडचं नाव नको घालूस हवं तर. तुझं घाल."

क्लिफने पोर्क पायच्या कागदावर पेन चालतंय का ते बघितलं, जरी ते चालत होतं. मग लिहू लागला. अक्षर लहान होतं, फायरमनच्या जाड बोटांचं, आणि कार्ड संपत आल्यावर ओळी एकमेकींवर चढल्या. पाण्याच्या खांबापासून हा सिग्नल दिसत नसे. त्या संध्याकाळी मी इंजिनावर होतो. सिग्नल पडलेला मी पाहिला नाही. पाहिला असं मी चौकशीत सांगितलं, ते खोटं होतं. केबिनमन ॲम्ब्रोज मेटकाफ यांची चूक नव्हती.

आर्नल्डने कार्ड उचललं, खिडकीशी नेलं, दोनदा वाचलं. त्याला वाटलं होतं, हे हातात आलं की छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं नाही. ज्या बाईला हे वाचून दाखवायचं ती नव्हती, आणि कार्ड कार्डच होतं. तरी त्याने ते शाई वाळेपर्यंत आडवं धरून ठेवलं.

क्लिफने टोपी घेतली. दाराशी त्याने विचारलं, शनिवारी मी यावं की नको. घरी राहिलो तर तुला बरं पडेल का.

"ये," आर्नल्ड म्हणाला. "दहा वाजता दार उघडतं. लोक वाचतील आणि विचारतील. उत्तर तू द्यायचंस. मी तिथे नव्हतो."